फाटलेले चेहरे, अखंड पुतळे

लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरला मशीनगन दलाचे स्मारक आहे, १९२५ साली उभारलेले. वर बायबलमधल्या डेव्हिडचा ब्राँझचा नग्न पुतळा, हाताशी भलीमोठी तलवार, अंगावर ओरखडाही नाही. हा पुतळा घडवणारे फ्रान्सिस डरवेंट वूड युद्धकाळात वाँड्सवर्थच्या लष्करी इस्पितळात होते. नाक, जबडा, डोळा गमावलेल्या सैनिकांसाठी ते पातळ पत्र्याचे मुखवटे करून रंगवत. मशीनगनपुढे माणसाच्या तोंडाचे काय होते, हे इतक्या जवळून पाहिलेले शिल्पकार थोडेच असतील. तरी स्मारकावर आले ते निर्दोष शरीर! पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपीय कलेची अडचण मला इथेच दिसते. पाहिलेले सत्य इस्पितळात राहिले आणि चौकात आले ते साजरे रूप.

इस्पितळातली कला मात्र अव्वल होती. हेन्री टाँक्स मुळात शल्यचिकित्सक, पुढे स्लेड कलाशाळेत शिक्षक. १९१६पासून त्यांनी शल्यचिकित्सक हॅरल्ड गिलीज यांच्या रुग्णांची पेस्टल चित्रे काढली. हेतू वैद्यकीय नोंदीचा होता. १९१७ साली लंडनजवळ सिडकपला खास चेहऱ्याच्या जखमांसाठी इस्पितळ निघाले आणि तिथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर सुमारे अकरा हजार शस्त्रक्रिया झाल्या. कपाळाची कातडी खाली वळवून नाक घडवायची युक्तीही तिथे वापरात होती. तिचे एक मूळ आपल्याकडचे आहे. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने एका मराठी गाडीवानाचे कापलेले नाक असे घडवले, त्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती.

टाँक्स यांची चित्रे पाहताना आधी जखम दिसते, मग नजर. माणूस सरळ आपल्याकडे पाहतो, दया मागत नाही. तेव्हाच्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रात नसलेला मांसाचा ओला लालपणा खडूच्या मऊ भुकटीत उतरतो आणि तरीही चित्र किळसवाणे होत नाही. त्या काळातली ही सर्वांत प्रामाणिक व्यक्तिचित्रे आहेत असे माझे ठाम मत आहे. खुद्द टाँक्स यांना मात्र ती सर्वसामान्यांपुढे मांडण्याजोगी वाटत नव्हती. ती शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजच्या संग्रहात राहिली.

जर्मनीत चित्रकार केटे कोलवित्स यांनी वेगळी वाट धरली. धाकटा मुलगा पेटर १९१४च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या आघाडीवर पडला. पुढे त्यांनी युद्धावर सात लाकूडठसे कोरले. त्यांत रणांगण जवळजवळ नाहीच. आहेत त्या मुलांना कवटाळणाऱ्या आया, विधवा, हताश आईबाप.

चौकात जखम आणली ती जर्मन चित्रकार ऑटो डिक्स यांनी. ते स्वतः मशीनगन चालवणारे सैनिक. १९२०च्या 'स्कॅट खेळणारे' या चित्रात तीन लुळेपांगळे सैनिक पत्ते खेळतात. त्यात खरे पत्ते आणि वर्तमानपत्राचे कागद चिकटवले आहेत. चित्र जबरदस्त आहे, पण संतापाच्या भरात माणसांच्या कळसूत्री बाहुल्या होतात. १९२४च्या 'युद्ध' या पन्नास एचिंगांच्या संचात हा दोष गळून पडतो. त्यातले त्वचारोपणाचे एक पान टाँक्स यांच्या पेस्टलांच्या पंक्तीला बसते. इथे डिक्स ओरडत नाहीत, थांबून पाहतात.

समाजाला हे झेपले नाही. कोलोनच्या संग्रहालयाने डिक्स यांचे 'खंदक' हे भव्य तैलचित्र घेतले, ते पडद्याआड टांगले आणि महापौर कॉनराड आडेनाउअर यांच्या काळात परतही केले. १९३३ साली नाझींनी डिक्स यांना ड्रेस्डेनच्या अकादमीतून काढले. १९३७ साली म्युनिकच्या 'विकृत कला' प्रदर्शनात त्यांच्या चित्रांची विटंबना केली. 'खंदक' नंतर कायमचे गहाळ झाले. एचिंगच्या कोरलेल्या एकाच पत्र्यावरून अनेक प्रती निघतात आणि त्या जागोजागी पांगलेल्या असतात, म्हणून 'युद्ध' हा संच वाचला.