थापटण्याचें हास्य : तेर येथील संतपरीक्षेच्या कथेचें परीक्षण

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. पेरिप्लसकारानें ज्या तगर नगराचा उल्लेख केला तें हेंच, असें डॉ. फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादन केलें; आणि पुढें तेरणाकांठच्या पांढरींतून निघालेल्या मृण्मय मूर्ती, नाणीं व हस्तिदंती काम यांनीं त्या मतास बळकटी आणिली. गांवांतील लामतुरे संग्रहालयांत जो एकदां गेला त्यास हें गांव मातीच्या कामाचें किती जुनें माहेर आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं. परंतु याच गांवच्या एका कुंभाराचें एक हत्यार कोणत्याही कपाटांत ठेवलेलें नाहीं. तें केवळ कथेंत उरलें आहे. तें म्हणजे गोरोबा काकांचें थापटणें. त्या थापटण्याच्या कथेकडे आजवर भक्तिदृष्टीनें पुष्कळांनीं पाहिलें. तींत जें हास्य आहे त्याकडे मात्र जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. समाजांत हास्याचें कार्य काय, या प्रश्नाचें एक उत्तर त्या हास्यांत आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून हा प्रयत्न.

कथा सर्वांस ठाऊक आहे, तरी विवेचनाच्या सोयीसाठीं तेरच्या परंपरेप्रमाणें ती थोडक्यांत सांगतों. गोरोबांच्या घरीं संतमंडळी जमली आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव असे सर्व बसले आहेत. मुक्ताबाईची दृष्टि थापटण्याकडे जाते आणि ती विचारते, काका, हें काय? गोरोबा सांगतात, मडकें कच्चें कीं पक्कें हें यानें ठोकून पाहतां येतें. आपणही मातीचींच भांडीं, मग आमचीही पारख होऊं द्या, असें मुक्ताबाई म्हणते. गोरोबा उठतात आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणें हाणीत जातात. सर्व निमूट बसून राहतात. नामदेवांची पाळी येतांच ते मात्र चिडतात. हें भांडें कच्चें, असा निकाल होतो, आणि मंडळी हंसते. नामदेव रुसून पंढरीस विठ्ठलाकडे गाऱ्हाणें नेतात. पण देवही कुंभाराचाच निकाल कायम करितो आणि त्यांस विसोबा खेचरांकडे गुरूपदेशासाठीं धाडितो.

प्रथम कालाचा विचार करूं. परंपरेनें गोरोबांचा जन्म १२६७ सालीं, नामदेवांचा १२७० सालीं, ज्ञानदेवांचा १२७५ सालीं व मुक्ताबाईचा १२७९ सालीं मानितात. ज्ञानदेवांची समाधि १२९६ सालची. प्रसंग घडला असेल तर तो त्यापूर्वींचाच असला पाहिजे. म्हणजे त्या वेळीं गोरोबा फार तर २९ वर्षांचे, नामदेव २६ वर्षांचे आणि मुक्ताबाई १७ वर्षांची. कीर्तनांतून व चित्रांतून दिसणारा पांढऱ्या दाढीचा वृद्ध परीक्षक या गणितांत बसत नाहीं. 'काका' ही पदवी केवळ वयाची नव्हे, मानाची आहे. तेव्हां एका वडील माणसानें पोरांस शासन केलें असें हें चित्र नसून, जवळजवळ समवयस्क असलेल्या तरुण मंडळींतला हा परिहास आहे. कथेचा अर्थ लावतांना ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

आतां शास्त्राकडे वळूं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत हास्याचे सहा भेद सांगितले आहेत. स्मित व हसित हीं उत्तम प्रकृतीचीं, विहसित व उपहसित हीं मध्यम प्रकृतीचीं, आणि अपहसित व अतिहसित हीं अधम प्रकृतीचीं. शिवाय हा रस बहुधा स्त्रिया व नीच प्रकृतीचीं पात्रें यांच्या ठिकाणीं आढळतो, असाही त्यांचा अभिप्राय आहे. तेरच्या कथेला ही फूटपट्टी लावून पाहावी. येथें हास्यास आरंभ करणारी एक मुलगी आहे आणि तें सिद्धीस नेणारा एक कुंभार आहे. शास्त्राच्या हिशेबीं दोघेही हास्याचे स्वाभाविक आश्रय. परंतु त्या हास्याचें मोल पाहावें तर सभेंतलें सर्वांत शहाणें वाक्य मुक्ताबाईचें आहे आणि सर्वांत अचूक निर्णय गोरोबांचा आहे. ज्यास साक्षात् देवाचा सहवास घडतो असा भक्त या दोघांच्या परीक्षेंत उणा ठरतो. भरतांनीं हास्याची प्रत हंसणाऱ्याच्या प्रकृतीवरून लाविली. ही कथा ती हंसण्याच्या परिणामावरून लाविते. आम्हीं आयुष्यभर भरतांच्या चरणांशीं बसून शिकलों, तरी या ठिकाणीं कथाकाराचा पक्ष आम्हांस अधिक बलवान् वाटतो.

कुंभारकाम ज्यानें जवळून पाहिलें आहे त्यास या कथेंतील आणखी एक गंमत कळेल. भाजलेलें मडकें ठोकलें असतां खणखणतें. कच्चें बद्द वाजतें. कथेंत नेमकें उलट झालें आहे. जे पक्के ते मुके राहिले आणि जो वाजला तो कच्चा ठरला. हा विपर्यास हेंच हास्याचें मूळ होय. परंतु त्याहूनही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. थापटण्याचें खरें काम पारख करण्याचें नव्हेच. ओल्या भांड्यास बाहेरून थापटून आकार द्यावयाचा, त्याची भिंत पातळ व घट्ट करावयाची, हें त्याचें काम. आणि तें चालू असतां कुंभाराचा दुसरा हात भांड्याच्या आंत आधार देऊन असतो. तो आधार काढला तर भांडें चेपून जाईल. भाजलेल्या मडक्यास थापटण्याचा कांहीं उपयोग नाहीं. म्हणजे त्या सभेंत थापटण्याचा खरा लाभ एकट्या नामदेवांसच होण्यासारखा होता.

तथापि एक आक्षेप येथें घेतलाच पाहिजे, आणि तो लहान नाहीं. डोक्यावर मार बसला असतां जो गप्प बसला तो पक्का आणि ज्यानें तक्रार केली तो कच्चा, ही कसोटी सर्वत्र लाविली तर अनर्थ होईल. मूकपणें सोसणाऱ्यास शहाणा म्हणावें आणि ओरडणाऱ्यास हंसावें, हें तर प्रत्येक जुलमी मंडळी करीत आली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांनीं १९०० सालीं हास्यावरील आपल्या ग्रंथांत असें मांडलें कीं, हास्य हें समाजाचें शासन होय. जो ताठर झाला त्यास समाज हंसून लवचिक करितो, आणि हंसतांना अंतःकरण क्षणभर बधिर व्हावें लागतें. नामदेवांचा ताठा हंसण्यानें उतरला, इतक्यापुरतें हें मत जुळतें. परंतु अंतःकरणाच्या बधिरतेचें काय? तेरच्या हास्यांत ती असती तर तें हास्य आणि चावडीवरची टवाळी यांत भेद कोणता उरला असता?

भेद आहे, आणि तो दाखविण्यास दुसरी कथा दूर शोधावी लागत नाहीं. ज्या विसोबांकडे नामदेव गेले तेच पूर्वाश्रमीं आळंदीचे विसोबा चाटी. संन्याशाचीं पोरें म्हणून या भावंडांची कुचेष्टा करण्यांत ते पुढें असत. मुक्ताबाई मांडे भाजण्यासाठीं खापर आणावयास कुंभारवाड्यांत गेली असतां, हिला खापर देऊं नका, असें त्यांनीं कुंभारांस बजाविलें. मग ज्ञानदेवांनीं योगबळें आपली पाठ तापविली व तिच्यावर मांडे भाजले, ही कथा प्रसिद्ध आहे. विसोबांस पश्चात्ताप झाला, ते उष्टें खावयास धांवले, तेव्हां ज्ञानदेवांनीं त्यांस 'खेचर' म्हटलें. या शब्दाचा एक अर्थ आकाशांत संचार करणारा आणि दुसरा खेंचर हें जनावर. शिवी आणि पदवी एकाच शब्दांत दिली गेली, आणि विसोबांनीं ती जन्मभर नांव म्हणून मिरविली.

या दोन कथा शेजारीं ठेवून पाहाव्या. आळंदीच्या हास्यानें एका मुलीस कुंभाराच्या दारांतून रिकाम्या हातानें परत धाडिलें. तेरच्या हास्यांत तीच मुलगी कुंभाराच्या घरीं हक्कानें थापटण्याकडे बोट दाखविते. आळंदीस हंसणारे स्वतः परीक्षेच्या बाहेर उभे होते. तेरला थापटणें प्रत्येकाच्या डोक्यावर पडलें, ज्ञानदेवांच्याही. आळंदीचें हास्य पंक्तींतून उठविणारें. तेरचें हास्य नामदेवांस गुरूच्या वाटेला लावणारें. आणि ज्याच्या दारीं ही वाट संपते तो गुरु कोण, तर एके काळीं स्वतः कुचेष्टा करून मग एका श्लिष्ट शब्दानें सुधारलेला मनुष्य. टवाळीनें काय बिघडतें हें ज्यास ठाऊक, त्याच्याच हातीं कच्चें मडकें सोंपविलें गेलें. ही जुळणी कोणी योजून केली किंवा परंपरेंत आपोआप झाली, तें कांहींही असो. तिच्यांतला न्याय मोठा आहे.

परंतु सर्वांत बलवान् पुरावा निराळाच आहे. ही कथा महिपतींनीं शके १६८४ मध्यें, म्हणजे इ. स. १७६२ सालीं, भक्तविजयांत सांगितली. प्रसंगास तेव्हां साडेचारशें वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तथापि ती नामदेवांच्या नांवावरील गाथेंतही आहे. त्या गाथेंत नामा या नांवाच्या अनेक कवींची रचना मिसळलेली आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून तीं पदें खास नामदेवांचींच असा आग्रह आम्ही धरीत नाहीं. पण इतकें निश्चित कीं, नामदेवांस मानणाऱ्यांनींच हा फजितीचा प्रसंग जपला. त्यांस तो गाळतां आला असता. ज्यांचीं ६१ पदें पुढें शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांत समाविष्ट झालीं, त्या थोर संतास एका कुंभारानें कच्चा म्हटलें, हें लिहून ठेवण्यास त्यांस लाज वाटली नाहीं. ज्यास हंसलें त्याच्याच घरीं ती गोष्ट कौतुकानें सांगितली जाते, तेव्हां तें हास्य निर्दोष होतें असें समजावें. समाजांतील हास्याची याहून चोख कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं.

या दृष्टीनें पाहतां हल्लींच्या निरूपणांत दोन दोष दिसतात. कांहीं वक्ते नामदेव चिडतात तेथेंच कथा संपवितात व श्रोत्यांस पोटभर हंसवितात. मग नामदेव केवळ विदूषक उरतो. आम्हीं वर्गांत ही गोष्ट सांगत असूं तेव्हां मुलें नेमकीं तेथेंच हंसत, आणि पुढची वाट सांगितल्यावर गप्प होत. तें गप्प होणें हा कथेचाच भाग आहे. उलट कांहीं विद्वान् वक्ते हास्य अजिबात वगळून कच्चें-पक्कें या शब्दांवर वेदान्त सांगतात. दासबोधांत समर्थांनीं विनोदाची आवड टवाळाच्या पदरीं घातली, तिचा धाक आमच्या पंडितांस अद्याप आहे. पहिल्या प्रकारांत आंतला हात सुटतो. दुसऱ्यांत थापटणेंच हातीं घेतलें जात नाहीं.

शेवटीं आपणां संग्राहकांविषयीं दोन शब्द. आम्ही सनदा, महजर, वंशावळी जिवापाड जपतों. पण भारुडांचीं बाडें, गोंधळ्यांच्या वह्या, सोंगांचीं भाषणें पुढें आलीं कीं हलकीसलकी म्हणून बाजूस सारतों. याच जिल्ह्यांत तुळजापूरची भवानी आहे. तिच्या गोंधळांत आख्यान रंगांत आलें असतां मुख्य गोंधळ्याचा जोडीदार वेडेवांकडे प्रश्न विचारून सभेस हंसवितो, आणि त्या प्रश्नांतूनच आख्यानाचा अर्थ उलगडतो. आख्यान पोथींत सांपडतें, जोडीदाराचे प्रश्न बहुधा सांपडत नाहींत. समाज कोणास हंसत होता, आणि हंसून झाल्यावर त्यास पंक्तींत घेत होता कीं बाहेर घालवीत होता, हें सनदांत लिहिलेलें नसतें. तें अशाच कागदांत असतें. आमच्या सभासदांपैकीं ज्यांच्या माळ्यावर असें एखादें बाड पडलें असेल त्यांनीं तें रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां ठोकून पाहावें, एवढीच विनंति.