'देवाज्ञा' आणि हरवलेला अहवाल

मराठीत मृत्यूसाठी जे शब्द रूढ आहेत त्यांत 'देवाज्ञा झाली' हा सर्वांत भारदस्त. निधनवार्ता असो वा पुण्यस्मरणाची पत्रिका, 'अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली' असे छापले की वाचणारा क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. कर्करोगाने गेलेल्या माणसाच्या बाबतीतही हेच वाक्य छापले जाते. आजार खरोखर अल्प होता, की तो ओळखल्यानंतर उरलेला अवधी अल्प होता, हा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही. आमच्या लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांतही कर्करोग असाच अवतरतो. शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायिकेला तो जडतो, डॉक्टर चष्मा पुसत 'फार उशीर झाला' असे म्हणतात आणि लेखक अश्रूंच्या व्यवस्थेला लागतो. उशीर कोणी केला, हे विचारण्याची त्याला गरज भासत नाही.

हा प्रश्न विचारणारी एक थोर कादंबरी आहे आणि तिच्याविषयीच आम्हांस आज लिहावयाचे आहे. अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांची 'कॅन्सर वॉर्ड' १९६८ साली रशियाबाहेर प्रसिद्ध झाली. त्यांच्या स्वतःच्या देशात ती छापली जाण्यास १९९० साल उजाडले. सोव्हिएत राजवटीचे रूपक म्हणून तिची चर्चा इतकी झाली आहे की, तिच्यात खरेखुरे रुग्ण व खरेखुरे डॉक्टर आहेत याचा समीक्षकांना जणू विसरच पडला. लेखकाने हा रोग स्वतः भोगला होता. १९५२ साली कैद्यांच्या छावणीत त्यांची गाठ कापून काढण्यात आली. तपासणीस पाठविलेल्या तुकड्याचा अहवाल मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. पुढे हद्दपारीत असताना रोग पसरला आणि १९५४ साली ताश्कंदच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले.

कादंबरीचे सहावे प्रकरण या एका अहवालालाच वाहिलेले आहे. कोस्तोग्लोतोव्ह हा नायक किरणोपचार विभागाच्या प्रमुख डॉ. डोन्त्सोवा यांच्यापुढे बसला आहे. त्या विचारतात, तो सांगतो. ज्या सर्जनच्या हाती सुरी तोही कैदीच. त्याला कोणत्या दिवशी कोणत्या गाडीत चढवतील याचा नेम नाही. तुकडा एकीकडे, रुग्ण दुसरीकडे, डॉक्टर तिसरीकडे. येथे कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाने आपापले काम थोडेफार केले आहे. मात्र या हातातून त्या हातात जाताना कागद जेथे गळून पडला, ती जागा कोणाचीच नव्हती. आमच्या मते निदानाच्या विलंबाचे यापेक्षा अचूक चित्र वाङ्मयात क्वचितच सापडेल. छावणी काढून टाका आणि तिच्या जागी एखादे गजबजलेले इस्पितळ व बाहेरची प्रयोगशाळा ठेवा. प्रकरण तसेच्या तसे राहील.

टॉलस्टॉय यांची 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) ही दीर्घकथा अनेक वाचकांच्या परिचयाची असेल. तिथला विलंब निराळ्या जातीचा आहे. प्रख्यात डॉक्टरांना रुग्णापेक्षा वादात रस आहे. सरकलेले मूत्रपिंड की आंतड्याचा विकार, यावर ते पांडित्य करतात. आजार गंभीर आहे की नाही, हे मात्र सांगत नाहीत. इव्हान इलिच हा पेशाने न्यायाधीश. आपण आरोपीपुढे जो चेहरा धारण करीत होतो तोच आज डॉक्टरांनी आपल्यापुढे धारण केला आहे, हे त्याच्या ध्यानी येते. ही जागा वाचताना अंगावर काटा उभा राहतो. टॉलस्टॉय रोगाला शेवटपर्यंत नाव देत नाहीत. सोल्झेनित्सिन नाव देतात, पण त्यांच्या वॉर्डातील डॉक्टर ते रुग्णास सांगत नाहीत. प्रोश्का नावाच्या तरुणास शस्त्रक्रियेवाचून घरी पाठवितात म्हणून तो हरखून जातो. हृदयात गाठ आहे आणि शस्त्रक्रिया अशक्य आहे, असे त्याच्या कागदावर लॅटिनमध्ये लिहिलेले असते. लॅटिन भाषा साध्याभोळ्या माणसापासून काय काय दडवू शकते, हे आम्हां धर्मगुरूंना कोणी वेगळे सांगावयास नको.

कादंबरीतील सर्वांत मर्मभेदी विलंब मात्र खुद्द डोन्त्सोवांचा आहे. वर्षानुवर्षे क्ष-किरणांच्या सान्निध्यात काम केलेल्या या बाई पोटात दुखू लागले तरी तपासणी पुढे ढकलत राहतात. परक्या रुग्णाने असे केले असते तर त्यांनी त्याला खडसावले असते. आज काम आहे, उद्या पाहू, हे साधेसे असेल. कर्करोग ओळखणे हेच जिचे काम तिलाही आपला रोग वेळेत पाहवत नाही. लेखकाने येथे तिची कुचेष्टा केलेली नाही, तिला मोकळेही सोडलेले नाही. निदान चुकविणारी माणसे नेहमीच आळशी वा लोभी असतात असे मानणाऱ्यांनी ही प्रकरणे अवश्य वाचावीत.

मग दोष द्यावयाचा तो कोणाला? कादंबरीत लेव्ह लिओनिदोविच हा सर्जन एका खटल्याची हकिकत सांगतो. शस्त्रक्रियेनंतर मूल दगावले आणि सर्जनला कोर्टापुढे उभे केले. ज्यांनी कधी सुरी हाती धरली नाही त्यांनी आमचा न्याय का करावा, असा त्याचा संताप आहे. त्या संतापात तथ्य आहे. तरीही हे प्रकरण आम्हांस उणे वाटते. येथे आपल्याला सर्जनचा आवाज ऐकू येतो, मुलाच्या घरचा येत नाही. एरवी प्रत्येक खाटेपाशी थांबणारा लेखक या घराच्या दारात मात्र थांबलेला नाही.

न्यायालये तरी थांबतात काय? आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, हे योग्यच झाले. पण कायद्याचे माप निराळे असते. इंग्लंडमधील एका रुग्णाच्या काखेतील गाठ चरबीची आहे, असे सांगून डॉक्टरांनी त्याला घरी पाठविले. नऊ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला पुढील तपासणीस धाडले, तेव्हा ती लसीकाग्रंथींचा कर्करोग निघाली. पहिल्या डॉक्टरांचा हलगर्जीपणा सिद्ध झाला. रोगातून वाचून दहा वर्षे जगण्याची त्याची शक्यता शेकडा ४२ होती, ती विलंबामुळे २५ झाली, असे न्यायालयाने धरले. तरीही २००५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी त्याचा दावा फेटाळला. कारण मुळातच शक्यता निम्म्याहून कमी होती, तेव्हा विलंबाने त्याचे आरोग्य हिरावले असे म्हणता येईना. अल्पमतात राहिलेल्या लॉर्ड निकल्स यांना हे पटले नाही. ज्याची आशा आधीच निम्म्याहून कमी आहे, त्याच्यापुरते डॉक्टरांचे कर्तव्य मग पोकळच ठरते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आम्हांसही ते सतरा टक्के विसरता येत नाहीत. कोर्टाला ते मोजता आले नाहीत, म्हणून ते नव्हतेच असे होत नाही. आणि जे माणसाच्या हातून निसटले, ते 'देवाज्ञे'च्या खाती मांडावे हे तर आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. असे करणे म्हणजे देवाच्या नावावर खोटी नोंद करणे होय. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो आणि रोग अचूक ओळखता यावा म्हणून वैद्यही प्रार्थना करतो असे सुचवितो. ओळखण्याची जबाबदारी वैद्याची आहे, हे त्यातच आले.

तिसाव्या प्रकरणात डोन्त्सोवा अखेर आपले वृद्ध गुरू ओरेश्चेन्कोव्ह यांच्याकडे जातात. कर्करोगाच्या डॉक्टरला कर्करोगच व्हावा हा अन्याय आहे, असे त्या म्हणतात. याहून मोठा न्याय नाही, असे म्हातारा उत्तरतो. पुढे तो घरच्या डॉक्टरविषयी बोलतो: ज्याला माणूस समग्र ठाऊक आहे, ज्याच्याशी क्षुल्लक वाटणारे दुखणेही संकोचाविना बोलता येते, असा डॉक्टर आता शोधूनही सापडत नाही. क्षयाच्या गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवून खोकला का थांबत नाही हे न विचारणारा, वा रक्तस्रावाला न तपासताच मूळव्याध ठरविणारा डॉक्टर ज्या घरांनी पाहिला आहे, त्यांना या म्हाताऱ्याचे बोलणे भाबडे वाटणार नाही. अंगावरची गाठ लाजेने पदराआड ठेवणाऱ्या आमच्या आयाबहिणींनाही असाच कोणी हवा असतो.

पुस्तक जाडजूड आहे, रशियन नावे जिभेवर बसत नाहीत आणि मधली काही राजकीय संभाषणे आज लांबलेली वाटतात. ज्यांना सबंध वाचणे झेपणार नाही त्यांनी सहावे आणि तिसावे ही दोन प्रकरणे तरी वाचावीत. घरात कोणी आजारी असेल तर तिसावे आधी वाचावे.