आरोग्यलेखनातील 'मुळे'

मराठीतील आरोग्यविषयक लेखनाचे परीक्षण बहुधा परिभाषेपाशीच थांबते. 'हॉर्मोन'ला 'संप्रेरक' म्हणावे की 'अंतःस्राव', या वादावर बरीच शाई खर्ची पडली आहे. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली ही संज्ञा ज्या ग्रीक क्रियापदावरून घडविली, त्याचा अर्थ 'चालना देणे' असा आहे. त्या दृष्टीने 'संप्रेरक' हा पर्याय अन्वर्थक होय. परंतु या लेखनातील गंभीर दोष नामांत नाही. तो एका शब्दयोगी अव्ययात आहे, आणि ते अव्यय म्हणजे 'मुळे'.

'टेस्टोस्टेरॉन घटल्यामुळे मधुमेही पुरुषांस हृदयविकार जडतो' या धाटणीचे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र त्यातील कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या पुष्कळ पुरुषांत हे संप्रेरक कमी आढळते, आणि जेथे ते कमी तेथे हृदयविकारही अधिक आढळतो, एवढेच निरीक्षणांनी दाखविले आहे. 'आढळते' पासून 'मुळे' पर्यंतची उडी लेखकाची स्वतःची असते. जठारपेठ या नावात 'जठर' ऐकू येते म्हणून अकोल्याच्या त्या वस्तीचे नाव पोटावरून पडले, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास व्युत्पत्तिशास्त्राच्या परीक्षेत गुण मिळणार नाहीत. आरोग्यलेखकास मात्र तसल्याच अनुमानाबद्दल कोणी हटकीत नाही.

वस्तुतः दिशा उलटीही असू शकते. शरीरात मेद वाढला व इन्सुलिनचा प्रभाव मंदावला, की टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून वाहून नेणारे, यकृतात तयार होणारे प्रथिन घटते. साहजिकच एकूण मोजमाप कमी येते. वजन उतरले की ही पातळी पुष्कळदा वर येते. म्हणजे घट आणि हृदयविकार ही दोन्ही एकाच मुळाची फळे असण्याचा संभव आहे. हे मूळ मराठी माणसात डोळ्यांना दिसेलच असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपलीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभारांक २२.३ होता, पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरला.

येथे प्रश्न केवळ शैलीचा नाही. जठारपेठेतील एखादा पन्नाशीचा मधुमेही असे वाक्य वाचून टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाची चौकशी करू लागेल, आणि रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांकडे दुर्लक्ष करील, हा धोका खरा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॅव्हर्स' या चाचणीत टेस्टोस्टेरॉन कमी असलेले व हृदयविकाराचा धोका असलेले सुमारे ५,२०० पुरुष होते. त्यांतील बहुसंख्य मधुमेही होते. हृदयाघात, पक्षाघात वा हृदयजन्य मृत्यू यांचे प्रमाण संप्रेरक दिलेल्या गटात ७.० टक्के, तर न दिलेल्या गटात ७.३ टक्के राहिले. जाणवण्याजोगा अपाय झाला नाही, तसे संरक्षणही मिळाले नाही. हृदयाच्या अनियमित स्पंदनाचा एक विकार मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक दिसला. 'मुळे' खरे असते, तर कमतरता भरून काढल्यावर धोका उतरावयास हवा होता.

मराठीस यासाठी नवी परिभाषा घडविण्याची आवश्यकता नाही. 'ज्यांचे टेस्टोस्टेरॉन कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळतो' ही जो-तो रचना भाषेच्या अगदी घरची आहे. ती साहचर्य सांगते व कारणाविषयी मौन पाळते. मथळ्याच्या घाईत नेमकी तीच गळते. वऱ्हाडी रोगी 'मले शुगर निघाली' म्हणतो, तेव्हा 'निघाली' या क्रियापदात तपासणीत जे सापडले तेवढेच असते. त्याच्यासाठी लेख लिहिणाऱ्याचे वाक्य याहून सैल असते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही.