‘ब्लॅक नार्सिसस’ : चित्रपटाच्या पाठनिश्चितीचा प्रश्न

जुन्या चित्रपटांच्या अभ्यासकास आंतरजालामुळे आज मोठीच सोय झाली आहे. परंतु समोर आलेली प्रत कोणती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण जी दक्षता घेतो, ती येथेही का हवी, हे ‘ब्लॅक नार्सिसस’वरून दिसून येईल.

रूमर गॉडन यांच्या १९३९ च्या कादंबरीवरून मायकेल पॉवेल व एमेरिक प्रेसबर्गर यांनी १९४७ साली हा चित्रपट निर्माण केला. हिमालयातील एका राजवाड्यात, जेथे पूर्वी जनानखाना होता, पाच ख्रिस्ती धर्मभगिनी शाळा व दवाखाना चालविण्यास येतात. तेथील वारा व एकांत यांनी त्यांची मने ढवळून निघतात. प्रमुख सिस्टर क्लोडा हिला आयर्लंडमधील विफल प्रेम आठवू लागते. सिस्टर रूथ मिस्टर डीनच्या आसक्तीने भान हरपते.

‘लीजन ऑफ डीसेन्सी’ या कॅथलिक संस्थेच्या आग्रहावरून अमेरिकेतील प्रतीतून क्लोडाच्या पूर्वायुष्याची दृश्ये गाळण्यात आली. ही दृश्ये उर्वरित चित्रपटाच्या मानाने सामान्य आहेत, असा आक्षेप घेता येईल. तथापि चित्रपटाचा अर्थ त्यांवरच उभा आहे. आयर्लंडमधील तळे, तेथील शिकार, आजीचे पाचू यांच्या स्मृतींतून क्लोडाची वासना आपणांस कळते. रूथच्या ठिकाणी जी वासना कृतीत उतरते, तीच क्लोडाच्या ठिकाणी स्मृतीत वावरते. म्हणूनच घंटेपाशी घडणारी अखेरची झुंज ही एकाच मनोवृत्तीच्या दोन रूपांची झुंज ठरते. स्मृती वगळली की एकीकडे शिस्त, दुसरीकडे वेड एवढेच उरते. मनोविश्लेषणाची जागा भयकथा घेते.

रंगांचेही तसेच आहे. जॅक कार्डिफ यांना या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळाले. शुभ्र वेषांच्या या जगात रूथ तांबडा पोशाख करून ओठ रंगविते; फिक्या प्रतीत हा आघातच नाहीसा होतो. शिवाय यातील हिमालय इंग्लंडमध्ये, मुख्यतः पाइनवुड स्टुडिओत, रंगविलेल्या पडद्यांच्या साहाय्याने उभारलेला आहे. तो भूगोलातील नव्हे, मनातील पर्वत होय. रंग गेले की तो नुसता देखावा उरतो.

तेव्हा प्रबंध लिहिणाऱ्याने आयर्लंडची दृश्ये प्रतीत आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे आणि कोणती प्रत वापरली ते नमूद करावे. खंडित पाठावर केलेले विवेचन कितीही सूक्ष्म असले, तरी ते दुसऱ्याच कृतीचे विवेचन ठरते.