साबणाची मार्कशीट

साबणाच्या वेष्टनावर पुढे सौंदर्याची हमी असते आणि मागे, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, त्याची खरी मार्कशीट. ठेवपावत्यांवरची बारीक अक्षरं वाचून आमची नजर सरावलेली, म्हणून ती दिसली. 'टीएफएम ७६ टक्के, ग्रेड १.' टीएफएम म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश. भारतीय मानकाप्रमाणे ७६ ला पहिली श्रेणी, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी. बी.कॉम.ला आम्ही ६० टक्के मिळवले तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते! ४० वाली वडी 'बेदिंग बार'. तिला टॉयलेट सोप म्हणवून घ्यायची परवानगी नाही.

घरात मात्र परीक्षा एकच, फेस. धुळ्याच्या सासूबाईंनी नावाजलेला ७६ वाला आणला. जळगावात आमच्या बोअरच्या पाण्यात त्यानं फेस दिला नाही, बादलीला दह्यासारखा थर तेवढा दिला. "आईकडे कसा येतो हो?" असं सौ.नं विचारलं, जणू पाण्यात कॅल्शियम मीच कालवलं होतं. तीच वडी धुळ्याला त्यांच्या नळाखाली धरली, तर फेस कोपरापर्यंत! शाळेत ज्याला दुष्फेन म्हणायचे ते पाणी आधी साबण खातं, उरला तर फेस. म्हणजे इतकी वर्षं आम्ही साबणाच्या नावाखाली पाणीच तपासत होतो.

मग ४० वाली आणली. तिच्यात डिटर्जंट मिसळलेला. बोअरच्या पाण्यातही भरपूर फेसाळली. सौ.नं तिला पहिला नंबर दिला. मी ७६ चा आकडा पुढे केला.

"अहो, मग त्या आकड्यानंच अंग घासा."