नावे, जमा आणि ड्युप्लिकेट

मराठी प्रवासवर्णनांत फ्रँकफर्टच्या वाट्याला साधारण दीड ओळ येते. ‘फ्रँकफर्टला विमान बदललं. गाव बँकांचं असल्यामुळे बघण्यासारखं काही नाही.’ संपलं! पुढच्या पानावर लेखक पॅरिसात. आता माझं भांडण आहे ते त्या ‘असल्यामुळे’शी. बावीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केलेल्या माणसाला हे कारण जिव्हारी लागतं.

मेहुण्याकडे कोपनहेगनला जाताना स्वस्त तिकिटाच्या कृपेने मला या गावात आठ तास मिळाले. स्वस्त तिकिटात पैसे जेवढे वाचतात तेवढे तास खर्ची पडतात, हा प्रवासातला द्विनोंदी जमाखर्च. विमानतळावरून लोकलने पंधरा मिनिटांत गावात आलो. खांद्याला पिशवी, पिशवीत सौभाग्यवतींच्या दशम्या.

डॉइच बँकेचे दोन जुळे मनोरे आहेत. १९८४ साली बांधून झालेले. गावकऱ्यांनी त्यांचं बारसं केलंय ‘नावे आणि जमा’. दोन्ही बाजू जुळल्याचं एवढं जाहीर समाधान आमच्या शाखेला ३१ मार्चलाही कधी लाभलेलं नाही!

तिथून चालत रोमरबर्गच्या चौकात गेलं, की सगळे प्रवासी ‘अहाहा!’ म्हणतात. लाकडी पट्ट्यांची, उतरत्या छपरांची, एकमेकांना टेकून उभी असलेली घरं. मीही म्हणालो. मग कळलं, की ही मध्ययुगीन रांग १९८१ ते १९८४ या काळात उभारलेली आहे. म्हणजे मनोऱ्यांच्या वर्गातली! मी १९७९चा. पाचशे वर्षांचं म्हणून ज्याच्याकडे आदराने बघावं, ते घर वयाने माझ्याहून धाकटं निघालं. पलीकडची ‘नवी जुनी वस्ती’ तर २०१८ची. पस्तीस इमारती, त्यांतल्या पंधरा जुन्याबरहुकूम.

रसिक मंडळी इथे नाक मुरडतात. ‘नकली आहे हो सगळं!’ मला हे पटत नाही. नकली चेक वेगळा आणि हरवलेल्या पासबुकाची दुसरी प्रत वेगळी. दुसरी प्रत देताना आम्ही तीन गोष्टी बघतो: खातं खरंच होतं का, मूळ प्रत कशामुळे गेली, आणि नव्या प्रतीवर ‘ड्युप्लिकेट’ असा शिक्का आहे का. इमारतींनाही हाच नियम लावून बघू.

महाकवी गटेचं जन्मघर घ्या. याच गटेने १७९१ साली शाकुंतलावर चार ओळी लिहिल्या आणि आपण त्याला शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचायला लावलं. तेव्हा त्याच्या घरी जाणं भागच होतं. २२ मार्च १९४४ला, नेमक्या त्याच्या पुण्यतिथीला, बाँबहल्ल्यात हे घर जमीनदोस्त झालं. सामानसुमान आधीच सुरक्षित हलवलेलं होतं. १९५१ साली घर होतं तसं पुन्हा उभं राहिलं. पण त्याआधी गावात कडाक्याचा वाद झाला. वाल्टर डिर्क्स नावाच्या लेखकाने १९४७ साली बजावलं, की हे घर योगायोगाने पडलेलं नाही. गेलेल्याचा निरोप घेण्याचं धैर्य दाखवा. तो हरला. पण ‘मूळ प्रत कशामुळे गेली?’ हा रकाना कोरा सोडू नका, हे त्याचं म्हणणं कुठल्याही ऑडिटरला मान्य व्हावं.

तो रकाना रोमरबर्गच्या चौकात भरलेला आहे, पण पायाखाली. फरशीत ब्राँझची एक पाटी आहे. १० मे १९३३ला इथे नाझींनी पुस्तकं जाळली. अकरा वर्षांनी भोवतालची घरं जळाली. दोन नोंदींमधला संबंध समजायला कॉमर्सची पदवी लागत नाही. पण लोक त्याच पाटीवर उभे राहून घरांचे फोटो काढत होते. माझी या चौकाबद्दल तक्रार एवढीच. प्रत देखणी आहे, शिक्का मात्र फार बारीक.

आता या गावातली अस्सल प्रत. ज्या यहुदी गल्लीत पहिला रॉथशिल्ड वाढला, तिचा पाया १९८७ साली खोदकामात वर आला, तोही नगरपालिकेच्या कचेरीसाठी चाललेल्या. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून पाच घरांचे अवशेष राहिले. १९९२पासून ते कचेरीच्या तळघरात संग्रहालय म्हणून आहेत. शेजारी जुन्या यहुदी दफनभूमीची भिंत आहे. तिच्यावर १९९६पासून सुमारे बारा हजार छोटे ठोकळे बसवले आहेत. नाझी काळात मारल्या गेलेल्या इथल्या प्रत्येक यहुदी माणसाच्या नावाने एक. ॲन फ्रँकही त्यांत आहे. लोक ठोकळ्यांवर खडे ठेवून जातात. मी आयुष्यभर नावं आणि तारखा लिहिल्या, पण नोंदवही अशी वाचली नव्हती. तिथे एकही ‘एकूण’ नाही. प्रत्येक खातं वेगळं. या खात्यांना दुसरी प्रत काढून मिळत नाही.

तेव्हा प्रवासवर्णनकारांना नम्र विनंती, की विमान बदलायला चार तास असतील तर आधी भिंतीकडे जा. तिला तिकीट नाही. चौक नंतर बघा, आणि उभं राहण्यापूर्वी पायाखाली बघा. दशम्या मनोऱ्यांच्या सावलीत खाल्ल्या तरी चालतील, बँकवाले काही म्हणत नाहीत.