फाटलेल्या जाहीरनाम्याचा कोपरा

ज्यूल व्हर्न मराठी वाचकाला ठाऊक आहे तो चंद्राकडे तोफगोळा धाडणारा आणि समुद्राच्या पोटात पाणबुडी नेणारा लेखक म्हणून. भा. रा. भागवतांनी त्याला मराठी मुलांच्या हाती दिले, त्यामुळे तो आपल्या मनात बालपणाशीच जोडला गेला. पण याच व्हर्नने पेशव्यांच्या शेवटच्या वारसावर, नानासाहेबावर, दोन भागांची ऐसपैस कादंबरी लिहिली आहे, आणि तिचा उत्कर्षबिंदू आमच्या नर्मदेच्या परिसरात, सातपुडा-विंध्याच्या रानात घडतो. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'वाफेचे घर'. डिसेंबर १८७९ पासून वर्षभर ती पॅरिसच्या एका नियतकालिकात क्रमशः छापून आली. हिंदुस्थान व्हर्नने कधी पाहिला नव्हता. आमियाँ नावाच्या फ्रेंच गावात, पुस्तके आणि नकाशे पुढ्यात घेऊन त्याने ही सगळी वाट चालली.

कादंबरीचे पहिले पान मला ऐतिहासिक कादंबरीच्या उत्तम पानांपैकी एक वाटते. ६ मार्च १८६७ची संध्याकाळ. औरंगाबादेजवळ दुधना नदीकाठच्या एका पडक्या बंगल्याच्या भिंतीवर सरकारी जाहीरनामा लागला आहे. १८५७च्या बंडातला एक पुढारी मुंबई इलाख्यात शिरला आहे, त्याला जिवंत वा मेलेला पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंड इनाम. लोक जमून वाचतात, आणि नेमके नाव जिथे यायचे तिथे कागद संपतो. एका फकिराने खालचा कोपरा फाडून नेला आहे. त्या चिठोऱ्याबरोबर मुंबईच्या गव्हर्नराचे नावही गेले आहे.

व्हर्न इथे काही समजावत बसत नाही. ज्याच्या मस्तकावर इनाम लागले तो आणि ज्याने इनाम लावले तो, दोघेही एकाच फाटक्या कागदातून एकदम नाहीसे होतात. मग गर्दीतला एकजण म्हणतो की आपण नानाच्या कैदेत होतो, त्याला कुठेही ओळखू. काही वेळाने त्याचा खून होतो. तो फकीर कोण, हे वाचकाला कळते. पण औरंगाबादेला कळत नाही. (औरंगाबाद तेव्हा निजामाच्या मुलखात होते, मुंबई इलाख्यात नव्हते. पण या पानासाठी एवढी चूक मी आनंदाने माफ करते.)

दुसरी गोष्ट सावकाश वाचणाऱ्याच्याच लक्षात येते. कादंबरीचा बराच भाग मोक्लेर नावाचा फ्रेंच प्रवासी 'मी' म्हणून सांगतो. तो, कर्नल मन्रो, इंजिनियर बँक्स आणि शिकारी कॅप्टन हॉड असे कलकत्त्याहून निघालेले सगळे सोबती आपण मोक्लेरच्या डोळ्यांनी पाहतो. नानासाहेबाच्या प्रकरणांत मात्र हा 'मी' गायब होतो. वेरूळच्या लेण्यांच्या पोटात नाना आपल्या भावाला, बाळारावाला भेटतो, तेव्हा तिथे बघणारे कोणीच नसते. सातपुड्यातल्या तांदित नावाच्या लपण्याच्या जागी इंग्रज शिपायांचा छापा पडतो, बाळाराव मारला जातो आणि नानाच मेला असे सगळे समजतात; तिथेही मोक्लेर नाही. ज्याला कोणी ओळखू शकत नाही अशा माणसाची गोष्ट कोणी न पाहिलेल्या प्रकरणांतून यावी, ही रचना साहसकथा लिहिणाऱ्याच्या हातून सहज घडलेली मला वाटत नाही.

खरा नानासाहेब १८२४ साली माथेरानजवळच्या वेणू गावी जन्मला. १८२७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्याला ब्रह्मावर्ती दत्तक घेतले. १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनीने आठ लाखांचे पेन्शन पुढे द्यायला नकार दिला. १८५९ मध्ये नाना नेपाळच्या तराईत शिरला आणि इतिहासाच्या हातून निसटला. व्हर्नने तो तिथून उचलला आणि आठ वर्षांनी मध्य हिंदुस्थानात आणून सोडला. ही केवळ कल्पनेची भरारी, असे पुण्या-मुंबईचा वाचक म्हणेल. इंदूरकर तसे म्हणणार नाही.

१ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर ज्याच्या पुढारपणाखाली हल्ला झाला, तो सआदत खान त्यानंतर कितीतरी वर्षे इंग्रजांना सापडला नाही. व्हर्नच्या कथेतल्या १८६७ साली तो खरोखर फरारी होता. १८७४ मध्ये तो पकडला गेला आणि त्याच रेसिडेन्सीच्या आवारात फासावर गेला. त्याच वर्षी ग्वाल्हेरला शिंद्यांनी एका माणसाला नानासाहेब म्हणून धरून इंग्रजांच्या हवाली केले. त्याला कानपूरला नेले, पण ओळख काही पटेना. म्हणजे व्हर्नने लेखणी उचलली त्याच्या पाचच वर्षे आधी या भागात त्याची कादंबरी घडून गेली होती.

आणि तो लोखंडी हत्ती! भूतानच्या राजासाठी बनवलेला, सोंडेतून धूर सोडणारा, मागे चाकांवरचे दोन बंगले ओढणारा वाफेचा हत्ती ही व्हर्नची खास करामत. फल्गूकाठचे यात्रेकरू त्याच्याभोवती दैवतासारखे गोळा होतात. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणवली, तेव्हा पहिले इंजिन हत्तींनी ओढत आणल्याचे आमच्याकडे सांगतात. त्यामुळे ही प्रकरणे वाचताना इंदूरच्या माणसाला व्हर्नचा हत्ती शेजारचाच वाटतो.

दुसऱ्या भागात वाघांच्या शिकारी फार लांबतात. कॅप्टन हॉडला पन्नास वाघांचा आकडा गाठायचा आहे आणि वाचकाला प्रत्येक वाघाचा हिशेब ऐकावा लागतो. ती पाने भराभर उलटावीत.

पुस्तकाचा मोठा दोष याहून खोल आहे. कानपूरच्या बिबीघरात बायका-मुलांची कत्तल झाली. व्हर्न तिचे दुःख मन्रोच्या मनातून दाखवतो, आणि ते खरे दुःख आहे. इंग्रजांनी घेतलेला सूडही तो लपवत नाही. त्या काळच्या इंग्रजी कादंबरीकाराला हे इतके मोकळेपणी जमले नसते. पण नानाच्या मनात तो कधी उतरत नाही. ब्रह्मावर्तचा वाडा, दत्तक मुलाचा अपमान, हाताखालचा मोठा लवाजमा आणि रिकामी होत चाललेली सत्ता यांतले काहीच आपल्याला आतून दिसत नाही. व्हर्नचा नाना हे एक धगधगते वैर आहे, माणूस नाही.

तरीही 'तोफेच्या तोंडी' हे प्रकरण मी कोणत्याही मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या शेजारी ठेवीन. रिपोरच्या पडक्या किल्ल्यात नाना मन्रोला तोफेच्या तोंडाशी बांधतो; उजाडताच बार उडायचा. जून १८५७ मध्ये पेशावरला चाळीस शिपाई असेच उडवले गेले होते. इंग्रजांची शिक्षा इंग्रजाच्याच छातीशी येऊन टेकते. रात्र सरत असताना हातात पेटता पलिता घेतलेली एक वेडी बाई येते. नर्मदेच्या खोऱ्यात गोंड लोक तिला 'भटकती ज्योत' म्हणून मानतात, जेवू घालतात. ती तोफेभोवती फिरते, पलिता तोफेच्या कानाजवळ नेते आणि त्या उजेडात मन्रोला कळते की ही आपली पत्नी, कानपूरला मेली असे सगळ्यांनी धरून चाललेली. ती त्याला ओळखत नाही. ज्या कादंबरीत नाव फाडले जाते, चेहरा बदलतो, भावाचे प्रेत दुसऱ्याचे ठरते, तिच्यात सर्वांत क्रूर क्षणीही प्रश्न ओळखीचाच उरतो. व्हर्नने इथे सगळे धागे एका पलित्याच्या उजेडात आणले आहेत.

घरी बसून दूरच्या दरबारांवर लिहिण्याची फ्रेंचांना जुनी आवड. ज्यूदिथ गोतिएने १८६९ मध्ये चीनच्या छिंग घराण्यातल्या कांगशी बादशहाच्या काळावर कादंबरी लिहिली. तीही चीनला गेली नव्हती. तिच्या वडिलांच्या घरी राहिलेल्या एका चिनी पंडिताकडून ती भाषा शिकली होती. तिच्या शेतकरी नायकाची सावली ड्रॅगनसारखी, म्हणजे सम्राटाच्या चिन्हासारखी पडते. व्हर्नकडे असा पंडित नव्हता. ब्रह्मावर्तचे कोणी त्याला भेटले असते तर नाना निराळा उतरला असता. आपल्याकडे तर तेव्हा १८५७च्या बंडावर तोंड उघडायचीच चोरी होती. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' छापून निघायला १९०७ साल उजाडावे लागले.

पुस्तक मिळवाल तेव्हा एक पाहा. १८८१च्या इंग्रजी भाषांतरात पहिल्या भागाला 'कानपूरचा राक्षस' असे नाव दिले आहे; व्हर्नच्या शीर्षकात नाना नाहीच. त्या नावावर विसंबू नका. पहिल्या भागातली पहिले, चौथे, पंधरावे आणि सोळावे ही प्रकरणे आधी वाचा, मग दुसऱ्या भागाची शेवटची चार. आणि इंदूर-पुण्यातल्या फ्रेंच शिकलेल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे, निदान ही आठ प्रकरणे मुळातून मराठीत आणा.